शेवटच्या गाण्याआधी गेलेली लाइट

मॅडम, आपल्या शाळेच्या हॉलमधले चिनी मातीचे फ्यूज आता काढून टाकलेत. स्टेजच्या उजव्या विंगेत, जिथे तो लोखंडी हँडलचा मेन स्विच होता, तिथे पत्र्याची पेटी बसवली आहे आणि आत ओळीनं आठ एमसीबी, जोर आला की आपोआप खाली पडणारे स्विच. मी गेल्या महिन्यात उघडून पाहिली. वायरिंग ठीक आहे, अर्थिंग चालण्यासारखं आहे. हे आधी सांगते, कारण हॉलमध्ये शिरल्यावर तुम्हीही आधी तेच पाहिलं असतं. येत्या गॅदरिंगला तुमचं नाटक पुन्हा होतंय, आणि या वेळी ते शेवटच्या गाण्यासकट होणार आहे. ते का, हे सांगायचं तर जे लिहायला मला बारा वर्षं लागली ते आधी लिहावं लागेल. बारा वर्षांपूर्वी तुमच्या नाटकाच्या त्या संध्याकाळी फ्यूज गेला नव्हता. मी तो काढला होता.

मी आता सबस्टेशनांमधले रिले, बिघाड झाला की लाइन तोडणारी उपकरणं, तपासायचं काम करते. एखादी लाइन ट्रिप झाली की ती का झाली हे शोधायचं आणि कागदावर लिहायचं. फॉर्ममध्ये कारणाचा एक रकाना असतो. नवीन लोक तिथे ‘अज्ञात’ लिहून मोकळे होतात. मी लिहू देत नाही. वटवाघूळ, तारेला टेकलेली फांदी, ओला इन्सुलेटर, कुणाचा तरी चुकलेला हात, काहीतरी असतंच. असे कितीतरी रिपोर्ट लिहिले आणि माझ्या हातून झालेल्या पहिल्याच बिघाडाचा राहिला. तो मराठीत लिहितेय, कारण अभ्यास सोडला तर तुमच्याशी कागदावर मी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललेच नाही. पांढुर्ण्याची आपली शाळा हिंदी माध्यमाची. ‘विद्युत धारा’ तुम्ही हिंदीत शिकवायचात, वह्या हिंदीत, पेपर हिंदीत. मराठीत फक्त ते नाटक होतं आणि माझी क्यूंची वही, कुठल्या ओळीला कुठला उजेड हे लिहिलेली, जिच्यात तुम्ही लाल पेननं माझ्या वेलांट्या दुरुस्त करायचात.

अकरावीच्या नव्या मुलांना नाटकाची गोष्ट सांगताना मी तुमच्याच चालीनं सांगायचा प्रयत्न केला. पोळ्याच्या चार दिवस आधी एका घरातले आबा मरतात. मसणात मडक्याला भोक पाडायला जो दगड उचलतात तो जीवखडा. मेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात असतो म्हणून घरच्यांनी तो जपायचा आणि मग पाण्यात सोडायचा. हे घर तो फडक्यात बांधून अंगणातल्या कोनाड्यात ठेवतं. पोळ्याच्या दिवशी सून अंगण झाडून काढते, फडकं धुवायला घेते, खडा बाजूला ठेवते. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरच्या दोन गावांची दगडफेक. गल्लीतून दगड गोळा करत बंडी फिरते आणि तो खडाही तिच्यात जातो. आता ढिगातले आबा कोणते? सगळं घर जाम नदीच्या काठावर बसून एकेका दगडाशी बोलतं. थोरला मुलगा दगडांना तंबाखू दाखवून पाहतो. म्हातारी एका दगडाला मनसोक्त शिव्या देते, कारण आबा उलटून बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. तोवर नदीत पळसाचं झाड रोवून झालेलं असतं, वर झेंडा लागलेला असतो, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, ढीग भराभर संपत जातो, आणि घरचे प्रत्येक फेकणाऱ्याचा हात धरतात: थांब रे बाप्पा, माहा सासरा असन तो.

मुलं हसून आडवी झाली. आम्हीही झालो होतो. चाली तुम्ही लहानपणी रामाकोन्यात ऐकलेल्या खडी गंमतीतून उचलल्या होत्या, ढोलकी, तुणतुणं आणि मागून झील धरणारी पोरं. ‘गोल गोटा, चपटा गोटा, एक गोटा काळा, सांग माय सूनबाई, तुहा सासरा कोनचा निराळा’ हे मी अजूनही टेस्टिंग किटची वायर गुंडाळताना म्हणते. सावरगावची मुलं तुम्ही मुद्दाम पांढुर्ण्याच्या घरात टाकली होती आणि पांढुर्ण्याची मुलं पलीकडच्या काठावर. एका मुलीनं विचारलं होतं, “मॅडम, याच्यात लोकाईले लागते, कधी मरतेही. त्याच्यावर हसाचं कसं?” तुम्ही खडू ठेवलात. म्हणालात, “रडून त गाव दरवर्षीच राहिलं न बाई. रडते, पट्टी बांधते, न दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोनाचा नेम कसा होता ते सांगते. एकदा हसून पाहू दे त्याले.”

मला अभिनय येत नव्हता, गाणं तर नाहीच, म्हणून तुम्ही मला लाइटवर घेतलंत. उजेड कमीजास्त करायला मिठाच्या पाण्याचा डिमर आपण सिमेंटच्या पाइपात केला होता. तळाशी एक पत्रा, दुसरा दोरीनं वरखाली होणारा, मीठ किती घालायचं ते तुम्ही चिमटीनं ठरवायचात आणि मी वहीत ग्रॅममध्ये लिहायचे. एकदा मी दोन्ही हातांनी बोर्डाशी काही करत होते. तुम्ही मागून आलात आणि माझ्या डाव्या हातावर फुटपट्टी मारलीत. जोरात. “एक हात पाठीमागं. करंट लागला त एकाच हाताले लागला पाहिजे, छातीतून पार नाई गेला पाहिजे.” मी रडले नाही, पण रागावले होते. आज माझ्या हाताखाली काम शिकणारे चार जण एक हात मागे धरून उभे राहतात, आणि ही सवय कुणाची हे त्यांना माहीत नाही. दुसरी तंबी तुम्ही तालमीत दिलीत, मी म्हातारीच्या शिव्यांना हसले आणि क्यू चुकला तेव्हा. “लाइटवाल्यानं नाटक पाहाचं नाई. क्यू पाहाचा. नाटक पाहाले समोर लोकं बसले हायेत.” त्यानंतर मी नाटक पाहिलं नाही. मला ते फक्त ऐकू यायचं.

आता सौंसरच्या तुमच्या स्वयंपाकघराचं लिहायला हवं. रविवार आहे, आम्ही नाटकातल्या तिघी बसनं आलो आहोत. तुम्ही भाकरी थापताय, तुमचे यजमान, आमचे काका, पलीकडच्या खोलीत पेपर वाचताहेत, ओट्यावर अंबाडीच्या भाजीचा गंज आहे आणि त्याच्या झाकणावर पिठाच्या बोटांनी ठेका धरून तुम्ही शेवटचं गाणं पहिल्यांदा म्हणून दाखवताय. आबांचा दगड शेवटी कुणीतरी फेकतोच. तो पलीकडच्या एका माणसाच्या डोळ्यात बसतो. घरचे नदी ओलांडून धावतात, त्या रक्ताळलेल्या माणसाभोवती फेर धरून नाचतात, सापडला, आबा सापडला. आणि तो माणूस गातो:

तुमचा आबा तुमी न्या,
माहा डोळा मले द्या;
नाई देत त आबालेच
माह्या डोळ्यातून पाहू द्या.

दोघी हसतात. तुमचा हात थांबतो आणि तुम्ही माझ्याकडे पाहता. “तुह्या बाबाले चालन काय हे?”

माझ्या बाबांचा डावा डोळा गोटमारीत गेला तेव्हा मी तीन वर्षांची होते. अख्ख्या गावाला माहीत होतं, तुम्हालाही. आमच्या घरात मात्र त्या डोळ्यावर कुणी काही बोलत नसे. बाबांचा काळा चष्मा फक्त झोपताना निघायचा.

“चालेल,” मी म्हटलं.

“तू चालेल म्हणून राहिली. त्याईले विचारलं काय?”

“विचारते.”

“विचारून ये. त्याईनं नाई म्हटलं त मी हा कागद चुलीत टाकीन. दुसरं लिहीन. गाणं काय, पुन्हा होते.”

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात तुम्हाला सांगितलं, “विचारलं. चालते म्हणाले.” हे वाक्य मी बसमध्ये मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं. का, तेही लिहिते. त्या गाण्याचा क्यू सगळ्यात अवघड होता. पिवळा उजेड वर चढवत चढवत चौथ्या ओळीला पूर्ण पांढरा, चार मोजायचे, मग एकदम अंधार. तो क्यू मला हवा होता. त्यासाठी मी बाबांच्या वतीनं होकार दिला.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी त्यांना बोलावलं नव्हतं. कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते आणि सीझन चालू होता, ते येणार नाहीत हे मी धरून चालले होते. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत काळा चष्मा दिसला. अंगावर कापसाचे तंतू तसेच, कामावरून सरळ आलेले. नाटक पुढे सरकत होतं, हॉल हसत होता. म्हातारीनं शिव्या दिल्या तेव्हा कुणीतरी मागून शिट्टी मारली. मी क्यू पाहत होते, पण दर क्यूनंतर तिसरी रांग पाहत होते. आबांचा दगड उचलला गेला, ढोलकी वाढली, आणि मी डावा हात पाठीमागे ठेवून उजव्या हातानं फ्यूज ओढला. शांतपणे ओढला. घाबरून झालं असं मला म्हणता येणार नाही. हॉल काळा झाला, पोरांनी ओरडून घेतलं, लोक चहाला उठले. तुम्ही टॉर्च घेऊन विंगेत आलात. “काय झालं?” मी म्हटलं, “फ्यूज गेला.” तुम्ही म्हणालात, “बांध मग.” मी म्हटलं, “तार नाही.” तार माझ्या खिशात होती, वीतभर. वेळ गेला, प्राचार्यांनी टॉर्चच्या उजेडात आभार मानून टाकले, आणि दुसरा प्रयोग कधी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फ्यूज मागितलात, तार घालून ठेवते म्हणालात. मी दिला. तुम्ही तो खिडकीशी नेऊन पाहिलात. त्यातली तार जळलेली नव्हती, शाबूत होती. आदल्या रात्री ती तोडून ठेवायचं मला सुचलं नव्हतं, माझ्याकडून अशी चूक पुन्हा झालेली नाही. तुम्ही फ्यूज पर्समध्ये टाकलात आणि पुढचा तास घेतलात. बारावीनंतर मी इंजिनीअरिंगला नागपूरला निघाले तेव्हा स्टेशनवर आलात, कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलंत. “ठेव. कामात येईल.” गाव मागे पडल्यावर मी गाडीत उघडलं. तोच फ्यूज, तार तशीच शाबूत. मी ठरवलं, सुट्टीत गेले की सांगेन. दोन सुट्ट्या गेल्या. तिसरीच्या आधी काकांचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. माझी परीक्षा होती, मी आले नाही. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, त्या दिवशी नव्हती. तेही इथेच लिहून ठेवते.

आता काय झालं ते. शाळेनं जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, गॅदरिंगसाठी कोण काय करणार. मी तुमच्या नाटकाचं नाव लिहून पाठवलं आणि संहिता आणायला सौंसरला गेले. काकांनी वही लगेच काढून दिली. म्हणाले, “तिची वही हाय, पानं सांभाळजो. न शेवटचं गाणं या खेपेला तरी होऊ दे बाई, ते स्टेजवर ऐकाचंच राहून गेलं मले.” शनिवार-रविवार मी तालमी घेतल्या. डिमर आता पेटीएवढा येतो, मीठ लागत नाही. मग नव्या प्राचार्यांनी बोलावलं. पांढुर्णा आता जिल्हा झालाय, गॅदरिंगला अधिकारी येतात. ते सभ्य माणूस आहेत. म्हणाले, “मॅडम, नाटक बहुत बढ़िया है. बस वो आखिर वाला गाना छोड़ दीजिए. यहाँ हर घर में किसी को लगा है. किसी को बुरा लग गया तो?”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हा प्रश्न बारा वर्षांपूर्वी तुम्ही विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. मी त्यांना म्हटलं, की अधिकाऱ्यांसाठी मी गाणं काढणार नाही. एकच माणूस असा आहे ज्यानं नको म्हटलं तर काढीन, आणि मग नाटकही होणार नाही. त्याला मी आज विचारून येते.

“कौन?”

“माझे वडील.”

घरी गेले तेव्हा बाबा अंगणात खाटेवर बसून पंख्याचं बेअरिंग साफ करत होते. आता ते रिटायर आहेत, गल्लीतले पंखे त्यांच्याकडे येतात. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, विचारलं म्हणून सांगितलेलं, फ्यूज. मग गाण्याच्या चारही ओळी म्हटल्या. मला सुरात म्हणता येत नाही, साध्या वाचल्या. आई दारातून म्हणाली, “कायले उकरून राहिली ते? जेवू त दे त्याईले.”

बाबा बेअरिंग फिरवत राहिले. मग म्हणाले, “तिसरी ओळ चुकली तुही. ‘नाई देत त’ हाय, तू ‘नाई देलं त’ म्हनली.”

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं.

“माईत हाय न मले. महिनाभर तुमचे पोट्टे गावभर तेच गाऊन राहिले होते. जिनिंगात गायचे, टपरीवर गायचे. म्या म्हटलं, आपला डोळा हाय, आपून पाहून त घ्यावं, पुढं काय करते ते. सीझनची ड्युटी सोडून आलतो. न ऐन टायमाले लाइट गेली.” त्यांनी बेअरिंग फडक्यावर ठेवलं. “तू घालवली म्हन. म्या इतकी वर्षं लाइनवाल्याईले शिव्या देऊन राहिलो.”

“मग चालेल?” मी विचारलं. हे दोन शब्द बारा वर्षं उशिरा होते, पण या वेळी ज्याला विचारायचे त्यालाच विचारले.

“चालन. पण एक चूक हाय त्याच्यात. गोटा लागल्याबराबर मानूस गात नाई. पह्यले काईच दुखत नाई त्याले. म्या त हसलो होतो.” आई म्हणाली, “पुरे आता.” ते म्हणाले, “हसलो होतो न. बाजूच्याले म्हटलं, पाह्य, काय नेम हाय त्याचा. मंग खाली पडलो.”

हे आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. मी वहीत लिहून घेतलं: गाण्याआधी हसणं. ढोलकी बंद. प्राचार्यांना जाऊन सांगितलं, की होकार मिळाला आहे आणि एक दुरुस्तीही मिळाली आहे. ते म्हणाले, “तो उन्हें आगे बिठाइए.” बाबा म्हणतात पुढे नको, तिसरी रांग बरी. जखमी माणसाचं काम सावरगावची एक मुलगी करते. बाबांनी घरी बोलावून तिला हसणं शिकवलं. ती पहिल्यांदा खोटं हसली तर म्हणाले, “असं नाई पोरी. जसं दुसऱ्यालेच लागलं.” सगळं तयार आहे, लाइटवर मीच आहे. माझा भरवसा नाही तो फक्त माझ्या उजव्या हाताचा. एमसीबी खाली पाडायला फ्यूज ओढण्याइतकाही जोर लागत नाही. म्हणून पेटीला कुलूप घातलं आहे आणि किल्ली प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली आहे.

इथवर लिहून मी आठ दिवस ठेवलं होतं. काल नाटक झालं.

लाइट गेली नाही. आबांचा दगड उचलला गेला, ढोलकी वाढली, ढोलकी थांबली. ती मुलगी डोळ्यावर हात धरून उभी राहिली आणि हसली, जसं दुसऱ्यालाच लागलं. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून एकच माणूस तिच्याबरोबर हसला, मोठ्यानं, आणि मग त्याच्या शेजारचा, मग मागच्या रांगा, काही जण हसता हसता तोंडाला रुमाल लावून. मग ती गायली. चौथ्या ओळीला उजेड पूर्ण पांढरा होता, तो मी वेळेवर दिला. काका मागच्या दाराशी उभे राहून ऐकत होते, त्यांनी खुर्ची घेतली नाही.

हे पत्र मी क्यूंच्या वहीत ठेवतेय, त्या फ्यूजखाली. ते कुठे पाठवायचं नाही. कारणाचा रकाना भरून झाला. फक्त कालची एक चूक नोंदवायची राहिली आहे, तीही लिहिते, म्हणजे रिपोर्ट पुरा होईल. गाणं संपल्यावर चार मोजून अंधार करायचा होता. मी मोजले नाहीत. मुलं पांढऱ्या उजेडात तशीच उभी राहिली, इतका वेळ, की शेवटी ती मुलगी विंगेकडे वळून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, “मॅडम, लाइट.”

मी नाटक पाहत होते.